मागच्या सीटचा हक्क

रजनी मोहरील यांना गाडी हवी होती. साधीसुधी नव्हे, मोठी. चढताना पाय उंच टाकावा लागेल आणि दार जड आवाजात बंद होईल अशी. नवी परवडणार नव्हती, त्यामुळे जुनी चालणार होती, पण छोटी मुळीच चालणार नव्हती. बरखेड्याच्या त्या गल्लीत ही बातमी फुटली, तेव्हा लोकांनी आधी पोटभर हसून घेतलं आणि मग काळजी करायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या पैशाची काळजी करायला लोकांना फार आवडतं.

"कशाला हवी हो एवढी मोठी?" असं कुणी विचारलं की रजनीबाई सांगायच्या, "बसायला." पुढे काही नाही. यापुढे कुणी काय बोलणार?

त्यांचे यजमान सुधाकरराव मात्र घरचेच, त्यांना गप्प बसवणं सोपं नव्हतं. "अगं, आपण दोघं. भाजीला स्कूटर आहे. अलकाकडे इंदूरला जायला बस आहे. आणि ड्रायव्हरच्या क्वार्टरसमोर असली गाडी उभी केली तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, कोण पाहुणे आले. मग आपण सांगू, कुणी नाही आलं, आम्हीच आहोत."

कारखान्याच्या वसाहतीत कुणाचा हुद्दा काय, हे त्याच्या क्वार्टरच्या नंबरावरूनच कळतं. दोन खोल्या की तीन, पुढे बाग की नुसतं अंगण, कुठला क्लब, दिवाळीत मिठाईचा डबा केवढा, सगळं ग्रेडप्रमाणे. सुधाकरराव नागपूरहून इथे आले ते ट्रान्सपोर्ट खात्यात ड्रायव्हर म्हणून, आणि निवृत्त झाले तेही ड्रायव्हर म्हणूनच. शेवटची कितीतरी वर्षं ते कारखान्यातल्या बड्या ऑफिसरच्या, निगमसाहेबांच्या गाडीवर होते. निवृत्तीनंतर क्वार्टर भाड्याने ठेवून घेतलं, त्यामुळे पत्ता तोच राहिला आणि सवयीही त्याच राहिल्या. आजही रस्त्यात एखादी काळी गाडी थांबली की त्यांचा हात आपोआप तिच्या मागच्या दाराकडे जायचा.

पैसा होता रजनीबाईंचा. कारखान्यात शिकायला येणाऱ्या बिनलग्नाच्या पोरांचे डबे त्यांनी वर्षानुवर्षं केले. त्या कमाईतून वसाहतीच्या कुंपणापलीकडे एक प्लॉट घेतला, तेव्हा सगळे म्हणाले होते, बाईला कोल्हे पाळायचे असतील. पुढे तिथून रस्ता गेला. प्लॉट विकला आणि बाईंनी पहिली इच्छा बोलून दाखवली ती ही.

आता "बसायला" म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण बाई स्वतः कधी सांगत नसत.

निगमसाहेबांच्या मुलीच्या साखरपुड्याला रजनीबाई त्यांच्या बंगल्यावर पुऱ्या तळायला गेल्या होत्या. हौसेने गेल्या होत्या, कुणी जबरदस्ती केली नव्हती. संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "सुधाकर, रजनी थक गई होगी, गाड़ी से छोड़ आओ." सुधाकररावांनी अदबीने मागचं दार उघडलं. बाईंनी पाय उचलला. तेवढ्यात सुधाकरराव म्हणाले, "थांब हं जरा," आणि पुढच्या सीटवरचं वर्तमानपत्र घेऊन त्यांनी ते मागच्या सीटवर पसरलं. नीट, सुरकुत्या काढून. बाईंच्या लुगड्याला तेलाचा वास होता ना! "हं, बस आता," ते प्रेमाने म्हणाले.

बाईंनी उचललेला पाय खाली ठेवला आणि चालायला लागल्या. ऑफिसरांच्या बंगल्यांपासून बरखेड्यापर्यंत चालत आल्या. सुधाकरराव मागून गाडी हळूहळू आणत खिडकीतून "अगं बस ना, काय झालं?" असं विचारत राहिले. त्यांची आजवर समजूत अशी, की आपण पुऱ्यांचं कौतुक केलं नाही म्हणून ती रुसली होती.

तर गाडी बघायला दोघं होशंगाबाद रोडवर शंकर मालवीयच्या आवारात गेले. शंकर जुन्या गाड्यांचा धंदा करणारा, पोट सुटलेला, बोलका माणूस. त्याने एक राखाडी जपानी गाडी दाखवली. आधी एका ठेकेदाराकडे होती. वयाने बरीच जुनी, मीटरही पुष्कळ फिरलेला, डाव्या दारावर लांबलचक ओरखडा. पण गाडी उंच होती, रुंद होती आणि उभी राहण्यातच एक मस्ती होती.

"भाभीजी, स्टीयरिंग पे बैठ के देखिए," शंकर म्हणाला.

रजनीबाई पुढे गेल्याच नाहीत. त्यांनी मागचं दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि आत चढून बसल्या. सीटवर हात फिरवला. पाय लांब केले. सुधाकरराव इंजिनाचा आवाज ऐकत होते, टायर बघत होते, तेल किती खाईल ते विचारत होते. बाईंनी विचारलं एवढंच, "काच खाली कशी करायची?" काच खाली केली, कोपर बाहेर टेकवलं आणि म्हणाल्या, "ही चालेल."

"अगं, एकच गाडी बघून कुणी घेतं का?" सुधाकरराव म्हणाले. शंकरला दोन दिवस थांबायला सांगून त्यांनी बाईंना कसंबसं खाली उतरवलं.

त्या दोन दिवसांत बातमी अरेरा कॉलनीपर्यंत गेली. निगमसाहेब निवृत्तीनंतर तिथे राहत होते. त्यांचा फोन आला. "सुधाकर, सुना है गाड़ी ले रहे हो? अरे, बाज़ार में क्यों भटकना? मेरी ले लो. घर की चीज़ घर में रहेगी."

साहेबांची ती घरची गाडी जर्मन, आजवर सुधाकररावांनीच चालवलेली. काळीभोर, शेडमध्ये ठेवलेली, चामड्याच्या सीटा, मीटर फार फिरलेला नाही. शंकरच्या गाडीपेक्षा नवी, आणि किंमत मात्र तिच्याहून कमी. सुधाकरराव फोन ठेवून असे उभे राहिले की जणू मुलगी पहिल्या नंबराने पास झाली. अलकाचा इंदूरहून फोन आला, तीही म्हणाली, "आई, यात विचार काय करायचा? बाबांना त्या गाडीची नस न नस माहीत आहे." खरंच विचार करण्यासारखं काही नव्हतं. ती गाडी चांगली होती, यात कुणालाच शंका नव्हती, रजनीबाईंनाही नव्हती.

रविवारी सकाळी दोघं स्कूटरवरून अरेरा कॉलनीत गेले. साहेबांनी प्रेमाने स्वागत केलं. माणूस वाईट नव्हता, कधीच नव्हता. चहा आला, बिस्किटं आली. रजनीबाई सोफ्यावर बसल्या. सुधाकरराव कप हातात घेऊन उभेच. साहेब "बैठो, बैठो" म्हणाले तसे ते खुर्चीच्या कडेला टेकले, पुन्हा हाक आली तर चटकन उठता यावं असे.

मग साहेब म्हणाले, "देखो सुधाकर, पैसे की कोई जल्दी नहीं. जब हो तब देना. बस, मैडम को हर शुक्रवार डॉक्टर के यहाँ जाना होता है, और मेरा भी कभी क्लब, कभी स्टेशन. नया ड्राइवर रखने का मन नहीं करता. तुम तो हो ही. गाड़ी भी वही, तुम भी वही."

"जी सर," सुधाकरराव म्हणाले. आनंदाने म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत अगदी पाणी यायचं बाकी होतं.

रजनीबाईंनी कप बशीत ठेवला. आपल्या नवऱ्याला आपली गाडीसुद्धा आपली म्हणून घेता येत नाही, याचा त्यांना इतका राग आला की कानशिलं तापली. गाडी आपण घ्यायची, पैसे आपण द्यायचे, आणि दर शुक्रवारी ती घेऊन साहेबांच्या फाटकात हॉर्न न वाजवता उभं राहायचं! त्या उठल्या, "मी गाडी बघते," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

"चलो, एक चक्कर लगा लेते हैं," साहेब म्हणाले. ते पायऱ्या उतरले आणि नेहमीच्या वाटेने नेहमीच्या दाराशी गेले. मागचं, डावीकडचं. सुधाकरराव दोन पावलं पुढे धावले, दार उघडून धरलं, मान किंचित लववली.

आत रजनीबाई बसल्या होत्या. पदर सावरून, पाठ टेकून.

"रजनी," सुधाकरराव दबक्या आवाजात म्हणाले, "उतर."

"का?"

"साहेबांची जागा आहे ती."

"गाडी आपण घेतोय ना? मग मी बघायला नको, कुठे बसायचं ते?" आणि बाई साहेबांकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "साहब, आप आगे बैठिए ना. आगे से रास्ता अच्छा दिखता है."

साहेब हसले. सभ्य माणूस. "हाँ हाँ, क्यों नहीं," म्हणाले, पण पुढे बसले नाहीत. गाडीला वळसा घालून उजव्या दाराने मागेच येऊन बसले, आणि बसल्या बसल्या म्हणाले, "सुधाकर, दस नंबर मार्केट से निकालना. मेरी एक दवाई लेनी है."

सुधाकररावांनी गाडी मार्केटवरून नेली. औषध त्यांनीच उतरून आणलं. परत येताना साहेबांनी एसी कमी करायला सांगितला, तो कमी झाला. रेडिओ बंद करायला सांगितला, तो बंद झाला. गाडी खरोखर लोण्यासारखी चालत होती.

फाटकाशी उतरल्यावर साहेबांनी विचारलं, "तो? पसंद आई?"

"गाडी उत्तम आहे," बाई म्हणाल्या आणि मग साहेबांना नीट कळावं म्हणून हिंदीत म्हणाल्या, "गाड़ी में कोई कमी नहीं है, साहब. पर हम नहीं लेंगे. इसमें मालिक पहले से बैठा हुआ है."

सुधाकररावांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांचा लाल झाला. बाईंनी दोघांकडेही पाहिलं, नमस्कार केला आणि स्कूटरच्या मागे जाऊन बसल्या.

चेतक पुलावर सुधाकररावांनी स्कूटर कडेला घेतली. "माझं नाक कापलंस तू! ज्या माणसाचं मीठ खाल्लं, त्याच्या तोंडावर असं बोललीस?"

"मीठ त्यांचं नव्हतं. पगार कारखान्याचा होता. आणि मीठ मी घालत होते, रोज, तुमच्या डब्यात."

"फालतू हट्ट तुझा! कुठे बसायचं यावरून एवढी परेशानी?"

तेव्हा बाईंनी त्यांना ते वर्तमानपत्र सांगितलं. पुलावरून ट्रक धडधडत जात होते, त्यामुळे त्यांना ओरडूनच सांगावं लागलं. सीटवर कागद पसरला तो मॅडमनी नाही, साहेबांनी नाही. तुम्ही. माझ्या नवऱ्याने. त्या सीटची तुम्हाला काळजी होती, माझी नव्हती. मला किती लागलं ते तुम्ही कधी विचारलंसुद्धा नाही.

सुधाकरराव बराच वेळ स्कूटरचा आरसा पुसत राहिले. "सीट खराब झाली असती गं," ते शेवटी म्हणाले. "सीट माझी नव्हती."

"म्हणूनच म्हणते, जी आपली असेल तीच घेऊ. ओरखडा असला तरी."

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. नुसते अंगणात बसून राहिले. त्यांना बायकोचा राग आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती, आणि या दोन्हींचं काय करावं ते कळत नव्हतं. सोमवारी सकाळी त्यांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, "चल, शंकरचे दोन दिवस संपलेत. गाडी दुसऱ्या कुणी उचलायला नको."

शंकरने गाडी धुऊन, बॉनेटवर झेंडूची माळ घालून ठेवली होती. बाईंनी नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. सुधाकररावांनी किल्ली घ्यायला हात पुढे केला, तर बाई म्हणाल्या, "शंकरभैया, घरापर्यंत तुम्हीच चला. हे आज चालवणार नाहीत."

"मग मी काय करू?"

"बसा."

ते पुढच्या डाव्या दाराकडे गेले. बाईंनी बाही धरून मागे ओढलं. बघा, ज्या माणसाने जन्मभर मागचं दार उघडलं, त्याला त्या दारातून आत कसं शिरायचं ते येईना. आधी डोकं घातलं, मग पाय, मग गुडघा अडकला. बसले तेही सीटच्या कडेला, हात मांडीवर, नजर शंकरच्या पायांवर. शंकरने क्लच सोडला की यांचा डावा पाय उचलला जायचा. शंकरने ब्रेक दाबला की यांचा उजवा पाय खाली जायचा. "गियर बदलो," ते दोनदा म्हणाले. बाई खिडकीबाहेर बघत हसत होत्या, आणि त्यांना रडूही येत होतं.

साकेत नगरच्या पुढे सुधाकररावांचा फोन वाजला. निगमसाहेब. सुधाकररावांनी सवयीने पाठ ताठ केली, फोन कानाला लावला. साहेबांचा आवाज बाईंनाही ऐकू येत होता. सुना है वो दूसरी ले रहे हो, ठीक है, मुबारक हो, कोई नाराज़गी नहीं. तो शुक्रवार को मैडम के लिए नौ बजे आ जाना, नई गाड़ी भी देख लेंगे.

बाई मध्ये काही बोलणार नव्हत्या. त्यांनी तसं ठरवलं होतं, आणि ते ठरवताना त्यांना फार जड गेलं होतं.

"सर," सुधाकरराव म्हणाले आणि थांबले. पुढचा शब्द, 'जी', त्यांच्या जिभेवर तयारच असायचा, बत्तीशी होती तोपर्यंत आणि कवळी आल्यावरही. तो त्यांनी गिळला.

"सर, शुक्रवार को नहीं हो पाएगा. किसी शुक्रवार को नहीं. और अभी बात भी नहीं कर पाऊँगा, सर." त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. "मैं पीछे बैठा हूँ."

त्यांनी फोन खिशात टाकला, सरकत सरकत सीटच्या आत गेले आणि पाठ टेकवली.