नांदुरीच्या घाटात गाडी तापली तेव्हा

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना कितपत दिसेल, याची मला मनातून शंकाच होती. पण डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आणि सासूबाईंनी हट्टच धरला, "मला सप्तशृंगीच्या गडावर न्या. देवीला एकदा नीट बघू द्या." नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडे नुकतीच सेकंडहँड गाडी आली होती आणि मी ती चालवायला शिकले होते. निघायच्या सकाळी इंजिन थंड असतानाच मी बॉनेट उघडलं, तेल पाहिलं, इंजिन गार ठेवणारं हिरवं कुलंट दोन खुणांच्या मध्ये आहे ना याची खात्री केली, चाकांत हवा भरून आणली आणि जगदंबेचं नाव घेऊन सासूबाई, हे आणि मी असे आम्ही तिघं पंचवटीतून निघालो.

रस्ताभर सासूबाईंचा आनंद नुसता उतू जात होता. पुढे माझ्या शेजारी बसून दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची अक्षरं, सगळं मोठ्याने वाचत होत्या. वणी मागे पडली, नांदुरीचा घाट लागला, आणि त्यांनी विचारलं, "अगं, हा काटा लाल रेघेवर का गेलाय?"

वळणापलीकडे रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. बॉनेट उघडताच वाफेचा लोट आला. खाली हिरवं पाणी ठिबकत होतं.

"बाराची आरती चुकेल," हे म्हणाले. "रेडिएटरचं झाकण काढून पाणी ओततो."

"अहो, हात लावू नका, उकळतंय ते!" मी ओरडले. पण यांनी हाताला टॉवेल गुंडाळलासुद्धा होता. ते झाकणावर वाकले आणि तेवढ्यात वळणावरून एक जीप गर्जत आली, "बोल सप्तशृंगी माते की जय!" हे दचकून मागे सरले. त्याच क्षणी रबरी पाईप फटकन निसटला आणि उकळत्या पाण्याची चिळकांडी क्षणापूर्वी यांचा चेहरा होता तिथूनच उडाली. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले.

जीप थांबली. आत सटाण्याकडच्या बाया होत्या. त्यातली एक वयस्कर बाई म्हणाली, "म्हातारीला आम्ही नेतो. तुमची गाडी लय तापलीय, थंड होऊ द्या, मग या सावकाश." नुकतंच झालेलं ऑपरेशन, गडावरच्या त्या पायऱ्या, अनोळखी माणसं... मी घुटमळले. सासूबाई तोवर जीपमध्ये चढूनही बसल्या होत्या!

मग आम्ही दोघं झाडाखाली वाट बघत बसलो. इतकी वर्षं मी देवीला प्रार्थनेत सूचनाच देत आले होते: असं कर, तसं कर. त्या सावलीत पहिल्यांदाच काही सांगावंसं वाटलं नाही. आपल्या हातचं आपण केलं होतं, पुढचं तिच्याकडे. मन इतकं हलकं झालं की मला हसूच फुटलं, आणि मग हेही हसले.

इंजिन पुरतं गार झाल्यावर यांनी पाईप बसवून त्याची क्लिप आवळली, झाकण सावकाश काढलं आणि डिकीतल्या कॅनमधलं पाणी भरलं. काट्यावर नजर ठेवत हळूहळू गडावर पोचलो.

सासूबाई त्या बायांच्या घोळक्यात बसल्या होत्या. मला पाहताच लहान मुलीसारख्या उठल्या. "अगं, अठराच्या अठरा हात मोजले मी! आणि तिच्या तोंडात विडा आहे गं. एवढ्या वर्षांत मला कधी दिसलाच नव्हता!"

गाभाऱ्यासमोर उभी राहिले तेव्हा मागायला काही सुचेना. शेजारी यांनी हात जोडले होते. मी देवीला विसरून त्या धडधाकट हातांकडेच बघत राहिले.