घर पडलं, सूट किती?

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या ऑफिसात ते भिंतीच्या ओलीसारखे आपोआप चढतात.

डिचोलीच्या बाजारामागे एका खोलीत मी लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देते. मी आणि माझी टायपिस्ट शैला. रिटर्नची घाई जुलैत, आणि आमच्याकडे घरं पडतात तीही जुलैतच! त्यामुळे बावीस वर्षं मी एकच प्रश्न ऐकते आहे, "मॅडम, घर पडलां. टॅक्सात सूट किती मेळतली?" आणि बावीस वर्षं एकच उत्तर देते आहे. मिळत नाही. राहतं घर पडलं म्हणून करात वजावट नाही. सरकारी मदत असते, पण तिचा अर्ज वेगळा, पंचनामा वेगळा.

सांगून सांगून माझा घसा बसला, तेव्हा शैलाने हे सगळं पुठ्ठ्यावर लिहून दाराला लावलं. लोक पुठ्ठा नीट वाचतात, आत येतात आणि विचारतात, "तरी पण किती?"

*

साखळीचे गावस एका खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. वादळानंतर ते सिमेंटची एक गोणी घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ओतली. फुटके नळे! छपराचे, शेवाळासकट.

"ह्यो पुरावो," ते म्हणाले.

"गावसबाब, पुरावा असला तरी सूट नाही हो."

त्यांनी नळ्यांच्या ढिगाकडे बघत जरा विचार केला. "कमी पडता काय? शेजाऱ्याचे पण फुटल्यात. घेऊन येऊ?"

नळे त्यांनी परत गोणीत भरले आणि गोणी इथेच विसरून गेले. अजून आमच्या दाराला तिचाच टेकू आहे.

*

मग आले परब मास्तर. डिचोलीच्या शाळेत मला गणित शिकवलेले. निवृत्त झाल्यावर कोरगावला आपल्या घरी राहायला गेले, पण रिटर्न भरायला दरवर्षी माझ्याकडेच येतात. यंदा फणसाचं झाड घराच्या मागच्या बाजूवर पडलं होतं. स्वयंपाकघराचं छप्पर गेलं, मधल्या खोलीची भिंत फुटली. मास्तरांची बायको, आमच्या काकी, ताडपत्रीखाली चूल मांडून बसल्या होत्या.

"बाय, सूट आसा गो?" मास्तरांनी विचारलं. ज्यांनी मला वजाबाकी शिकवली, त्यांना 'वजावट नाही' म्हणून सांगताना मला फार वाईट वाटलं.

पेन्शनीत त्यांचं घर चालतं, छप्पर उभं राहत नाही. म्हणून मी स्वतः बसून मदतीचा अर्ज लिहिला आणि शैलाने टाइप केला. म्हटलं, "सर, आता फक्त पंचनाम्याला साहेब येतील, त्यांना सगळं दाखवा. झालं काम."

झालं काम म्हणे! बावीस वर्षांत मी काही शिकले नाही.

*

त्याच आठवड्यात बाजारातल्या भांड्यांच्या दुकानवाल्या शेट्येबाई आल्या. त्यांच्या घराची पडवी बसली होती. त्या हटेनात तेव्हा मी म्हटलं, "दुरुस्तीला बँकेचं कर्ज काढलंत आणि जुन्या पद्धतीनं कर भरत असलात, तर त्या व्याजाची थोडी सूट मिळते."

शेट्येबाई ताडकन उठल्या.

"म्हणजे घर पडल्याची सूट नाय, कर्ज काढल्याची आसा! मगे कर्जच काढतंय. घर कशाक पाडून घेतलां?"

*

एकदा तर नदीचं पाणी आमच्याच ऑफिसात शिरलं. मी आणि शैला गुडघाभर पाण्यात उभ्या, डोक्यावर फायली. एवढ्यात पँट दुमडून एक गृहस्थ दारात हजर!

"मॅडम, आज उघडां आसा मा?"

मला रडावंसं वाटत होतं. शैला म्हणाली, "आसा. चपला भायर काढा!"

*

गणपतीची चवथ झाली आणि मास्तर पुन्हा आले. चेहरा पडलेला. अर्ज नामंजूर! कागदावर लिहिलेलं, 'नुकसान आढळले नाही.'

"सर, साहेब आलेच नाहीत का?"

"आयले गो. चवथीच्या दुसऱ्या दिवशी."

मग सगळं उलगडलं. गणपती यायचा म्हणून मास्तरांनी उधारीवर पुढची खोली रंगवून घेतली होती. वर फळाफुलांची माटोळी बांधलेली, आणि मागच्या मोडक्या बाजूला जायच्या दारावर नवाकोरा पडदा. साहेब पुढच्या खोलीत बसले. काकींनी त्यांच्यापुढे चहा आणि नेवऱ्या ठेवल्या. साहेबांनी विचारलं, "काय काकी, नुकसान बरंच झालं?"

आणि काकी म्हणाल्या, "ना हो! देवाच्या कृपेन सगळां बरां आसा."

मी कपाळाला हात लावला.

"आता तिचां तरी काय चुकलां?" मास्तर म्हणाले. "घरात गणपती. दारात आयल्या माणसाक रडगाणां कसां सांगतली?"

*

मी म्हटलं, फोटो तरी आणा, पुन्हा अर्ज करू. मास्तरांनी चवथीचे फोटो आणले. मधल्या खोलीत सगळं कुटुंब ओळीत, हसतमुख.

"सर, ह्यात फुटकी भिंत कुठं आहे?"

"ही काय. आमच्या भावजयीच्या फाटल्यान."

दुसऱ्या फोटोत भिंत जावयाच्या मागे होती. तिसऱ्यात अख्खं भजनी मंडळ भिंतीला पाठ लावून उभं. पाहुण्यांना दिसू नये म्हणून घरातल्या एकूण एक माणसानं आळीपाळीने ते भगदाड झाकलं होतं! शैला हसून हसून बाहेर गेली. मला हसूही येईना. काकी अजून ताडपत्रीखालीच रांधत होत्या.

*

दुसऱ्या पंचनाम्याला मी स्वतः कोरगावला गेले. परतीचा पाऊस धो धो कोसळत होता. मास्तरांनी आदल्या दिवसापासून काकींना पढवलं होतं, "तू कायेक उलव नको. नुसती चाय कर." पडदा मीच काढून ठेवला.

साहेब आले. उंबरठ्यात बूट काढता काढता, सवयीनं असेल, आधी काकींनाच म्हणाले, "काय काकी, बरं मा?"

मास्तरांनी डोळे मिटले. मी देवाचं नाव घेतलं.

"सगळां बरां आसा हो," काकी हसून म्हणाल्या. "चला, भितर बसून चाय घेया."

आणि खुंटीवरची छत्री काढून त्यांनी साहेबांच्या हातात दिली.

"ही मात्र उघडूनच बसा."