एका सेकंदाची पंचवीस चित्रं

“पंचवीस म्हणजे पंचवीस. मधे कुणाची घुसडाघुसडी चालायची नाही.”

असं म्हणून बाई माझ्या दुकानाच्या काउंटरवर तळहात आपटायच्या, आणि काचेखाली लावलेले पासपोर्ट फोटो जागचे हलायचे.

श्रीगोंद्यात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं फोटो आणि व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. लग्नं, साखरपुडे, वास्तुशांत. मधल्या काळात जुन्या कॅसेटा पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचं कामही मी सुरू केलं. बाई आल्या त्या त्यासाठीच. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून उभी हयात गेलेली, लग्न केलेलं नाही, भावाच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. सडपातळ, ताठ, आणि आवाज असा की पलीकडचा माणूस कर्जतला असो की कलकत्त्याला, त्याला ऐकू गेलंच पाहिजे.

पिशवीतून त्यांनी एक कॅसेट काढली. टीव्हीवर लागलेला सिनेमा घरी रेकॉर्ड केलेला. मी उतरवून दिला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच त्या पायरीवर उभ्या.

“बैलगाडीला उचकी लागलीय,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. त्यांनी संगणकावर तो प्रसंग लावायला लावला. बैलगाडी माळावरून चालली होती. मला काही दिसेना. “नीट बघ. चाक फिरतंय, फिरतंय, आणि मधेच थबकतंय. परत फिरतंय, परत थबकतंय. आमच्या कॅसेटमधला बैल असा चालत नव्हता.”

चौथ्यांदा बघितलं तेव्हा मला दिसलं. आणि एकदा दिसल्यावर, काय सांगू, न दिसणं शक्यच नव्हतं. आपल्याकडचा जुना टीव्ही एका सेकंदात पंचवीस चित्रं दाखवायचा. माझ्या संगणकात सेटिंग होती तीसची. मग पंचविसाची तीस करायला ते यंत्र दर पाच चित्रांमागे एक चित्र दुबार टाकत होतं. त्या दुबार चित्रापाशी बैल थबकत होता. इतकी वर्षं मी शेकडो कॅसेटा तशाच उतरवल्या होत्या. एकानंही तक्रार केली नव्हती.

“तुला कुणी सांगितलं तीस करायला?” बाईंनी विचारलं.

“बाई, तीस जास्त असतात ना. जास्त म्हणजे चांगलंच की.”

त्यावर तळहात पहिल्यांदा आपटला.

तुम्ही असे लोक पाहिले असतील, ज्यांना गाण्यातला एक बेसूर स्वर किंवा भिंतीवरची तिरकी चौकट सहन होत नाही. बाईंचं तसं हलत्या चित्रांचं होतं. शिकलेल्या कुठंच नव्हत्या. बघून बघून कळलेलं. थेटरातला सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा, तोच टीव्हीवर पंचविसाच्या चालीनं पळवतात, त्यामुळं गाणं थेटरापेक्षा किंचित वरच्या पट्टीत लागतं, हे त्यांनी कानानं ओळखलं होतं. “मी फोनवर नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखायची. मला काय शिकवता?”

रेकॉर्डिंग करायची त्यांची तऱ्हा तर बघण्यासारखी. व्हीसीआरवर एक बटण असायचं, ते दाबलं की तीन तासांच्या कॅसेटवर सहा तास मावायचे, पण चित्र पातळ व्हायचं. बाईंनी ते बटण चिकटपट्टी लावून बंदच करून टाकलं होतं. सिनेमाच्या आधी चहा पिऊन घ्यायचा, दाराला आतून कडी, हातात रिमोट. जाहिरात आली की थांबवायचं, सिनेमा आला की सोडायचं. वीज जाईल म्हणून भावाच्या ट्रॅक्टरची बॅटरी वर चढवून घेतलेली. भाऊ बिचारा रविवारी दुपारी ट्रॅक्टर चालू होईना म्हणून खालून हाका मारायचा. वरून उत्तर यायचं, “मध्यांतर झाल्यावर!”

अशा चारशेच्या वर कॅसेटा होत्या. त्यातल्या एका कॅसेटनं सगळं घडवलं.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात एक टेलिफिल्म चित्रित झाली होती. दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर माती वाहणाऱ्या बायांची गोष्ट. बाया खऱ्याच, त्याच कामावरच्या. त्यातल्या एकीला गोष्टीत मोठं काम दिलेलं. एका रविवारी ही टेलिफिल्म टीव्हीवर लागली, त्यानंतर पुन्हा कधीच नाही. बनवणारे वारले, त्यांच्याकडची मूळ प्रत कुठं गेली कुणालाच ठाऊक नाही. उरली ती फक्त बाईंची कॅसेट.

ही गोष्ट मीच बोललो कुणाकुणापाशी. गावातल्या एका सांस्कृतिक समितीनं ठरवलं, कॉलेजच्या हॉलमध्ये ही टेलिफिल्म दाखवायची, पुण्याहून पाहुणे बोलवायचे. बाई आनंदानं तयार झाल्या. मी कॅसेट उतरवली, पंचविसाच्या सेटिंगनंच. पण समितीचे अध्यक्ष म्हणाले, “चित्र फार खराब दिसतंय हो. रेघा, दाणे. हल्ली सगळं स्वच्छ करून मिळतं.” मी ती फाइल एका ओळखीच्या स्टुडिओला पाठवली. बाईंना विचारलं नाही. खरं सांगतो, आलेलं चित्र बघून मी हरखलो होतो. पडदाभर रुंद, लख्ख, सेकंदाला साठ चित्रं, लोण्यासारखी हालचाल.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सकाळी हॉलमध्ये चाचणी ठेवली. अध्यक्ष, मी, बाई, आणि माळावरच्या वस्तीवरून आलेल्या दोघीजणी. एक सुनंदा, अंगणवाडीत काम करणारी, आणि दुसरी तिची म्हातारी मावशी. ज्या बाईनं टेलिफिल्ममध्ये मोठं काम केलं होतं, तिची मुलगी म्हणजे ही सुनंदा. ती दोन वर्षांची असताना आई तापानं गेली होती. घरात आईचा एकही फोटो नव्हता. मावशीनं सांगितलेलं तेवढंच चेहऱ्याचं वर्णन. आईला बघायला ती पहिल्यांदा येत होती. अंगावर ठेवणीतली साडी.

टेलिफिल्म सुरू झाली. थोड्या वेळानं तो चेहरा आला, पडदाभर. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पाटी. सुनंदा पुढं झुकली. चेहरा कसा होता म्हणाल, तर गुळगुळीत. साबणाच्या जाहिरातीतल्यासारखा.

मावशी म्हणाली, “ही कोन?”

“तुमची बहीण,” अध्यक्ष म्हणाले.

“ही आमची अक्का न्हाई. अक्काच्या तोंडावर देवीचं वण हुतं. समदं तोंड भरल्यालं. वण कुठं गेलं?”

सुनंदानं एकदा मावशीकडं बघितलं, एकदा पडद्याकडं. “मग आई कुठंय?” तिनं विचारलं. पडद्यावरची बाई पाटी घेऊन चालत होती, पाण्यावरून सरकावी तशी.

बाई उठल्या. सरळ प्रोजेक्टरपाशी गेल्या आणि वायर उपटली.

“अहो बाई!” अध्यक्ष ओरडले. “पत्रिका वाटून झाल्यात!”

“वाटा की. पण हे दाखवायचं नाही.”

“यंत्रानं फक्त साफ केलंय. मूळ चित्रच खराब होतं.”

बाई चिडल्या की एक्सचेंजमधली भाषा सुटायची आणि गावाकडची यायची. “यंत्राला खड्डे दिसले, त्यानं बुजवले. त्यो काय रस्ता हाय का? बाईचं तोंड हाय ते! तिच्या लेकीला आई दावायला बोलवलं, आन् दावली कोन?”

“लोक रेघा बघून हसतील.”

“हसू द्या. हसून झालं की बघतील.”

“आणि पुण्याचे पाहुणे?”

“त्यांना चष्मा आणाय सांगा.”

अध्यक्षांनी मग आवाज चढवला. कार्यक्रम समितीचा आहे, बाईंचा नाही, आणि फाइल आता समितीकडे आहे. बाई जागच्या हलल्या नाहीत. “परवा लावून बघाच. मी पडद्यापुढं उभी राहीन. सबंध वेळ. माझ्या पाठीवर दाखवा तुमचा स्वच्छ सिनेमा.” अध्यक्ष बाईंना चाळीस वर्षं ओळखत होते. ती नुसती धमकी नाही, हे त्यांना कळलं. “तुमचं तुम्ही बघा,” म्हणून ते निघून गेले.

मग बाई माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता तळहात. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तू मला विचारलं नाहीस.” एवढंच. मी आजवर लोकांच्या बऱ्याच शिव्या खाल्ल्यात, एकही इतकी लागली नाही.

माझ्याकडची पहिली फाइल मी पाठवल्यावर पुसून टाकली होती. जागा अडते म्हणून. म्हणजे कॅसेट पुन्हा उतरवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ती घेऊन आल्या. पहिल्या वेळी पट्टीवरची जी बुरशी बारीक ठिपक्यांएवढी होती, ती पावसाळी हवेनं पसरली होती. बाईंनी कॅसेटचे स्क्रू काढले, मांडीवर मऊ धोतराचा तुकडा पसरला, आणि पट्टी वीतवीत सोडत, पुसत, दुसऱ्या चाकावर गुंडाळत बसल्या. चार तास. मी म्हणालो, मी करतो. त्यांनी धोतराचा तुकडा उलटा केला आणि पुढची वीत सोडली.

लावल्यावर अर्ध्यात पट्टी तुटली. करकर आवाज झाला आणि पडदा निळा.

मी कॅसेट बाहेर काढली. चुरगळलेला भाग कापावा लागला, बोटाच्या पेराएवढा. दोन्ही टोकं जोडून वर चिकटपट्टी बसवली.

“किती गेलं?” बाईंनी विचारलं.

“एक सेकंद.”

“म्हणजे पंचवीस.” त्या डोळे मिटून बसल्या. “काय होतं तिथं?”

“डोंगर होता, बाई. नुसता डोंगर.”

“तिचं तोंड शाबूत आहे ना?”

“आहे.”

“मग चालव.”

कार्यक्रमाला हॉल भरला. अध्यक्षांनी प्रास्ताविकात सांगितलं, तांत्रिक कारणामुळं चित्राचा दर्जा कमी आहे, समिती दिलगीर आहे. पहिल्या रांगेतून बाई उठल्या आणि त्यांनी माईक जवळजवळ हिसकावलाच. “दिलगिरी कुणी मागायची नाही. आम्ही हे असंच बघितलं होतं. चित्र मधोमध चौकोनी दिसेल, बाजूला काळं दिसेल, खाली रेघ नाचेल. ज्यांना चालत नसेल त्यांनी बाहेर चहा आहे.”

रेघ नाचली तशी मागची पोरं हसली. थोडा वेळ. मग तो प्रसंग आला, ज्यात मुकादम खड्डा न मोजताच वहीत आकडा लिहितो. ती पाटी खाली ठेवते आणि त्याच्यासमोर उभी राहते. चेहरा जवळ येतो. दाणेदार, जरासा थरथरता, आणि गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर देवीचे वण. “मोजा, साहेब,” ती म्हणते. “आमच्या म्होरं मोजा.”

मावशीनं पदर तोंडाला लावला आणि “अक्का गं,” म्हणाली. सुनंदा उठून पडद्याच्या अगदी जवळ गेली. तिथून तिनं मागं वळून विचारलं, “तेवढंच परत लावता का?”

अध्यक्ष चुळबुळले. बाई मला म्हणाल्या, “लाव.”

मी लावलं. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही. पुण्याचे पाहुणे, हॉलभर माणसं, सगळे थांबले. तिसऱ्या वेळी सुनंदाचे ओठ आईबरोबर हलत होते.

बाहेर आल्यावर ती बाईंच्या पाया पडायला वाकली, तर बाईंनी तिला दंडाला धरून उभं केलं. “माझ्या नाही. मी नुसतं बटण दाबलं होतं.”

त्यानंतर वर्षभरात बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो तर नाराज दिसल्या. “सगळी माणसं लई कोरी दिसायला लागली रे. त्या डॉक्टरानं माझ्या डोळ्यांतले दाणे पुसले.” मी हसलो. त्याही हसल्या. माझ्या बघण्यात ते त्यांचं शेवटचं हसणं. थंडीत छातीत कफ झाला, नगरला दवाखान्यात नेलं, आठवड्यात गेल्या.

भावानं सगळ्या कॅसेटा आणि व्हीसीआर माझ्या दुकानात आणून टाकला. “तिनं तसं सांगितलंय,” म्हणाला. रोज एक-दोन उतरवतो. समितीचे नवे अध्यक्ष मध्यंतरी आले होते, ती टेलिफिल्म जरा चकाचक करून मिळेल का विचारायला. मिळणार नाही म्हणालो. त्यांना राग आला, येऊ द्या.

व्हीसीआरमध्ये एक कॅसेट अडकलेली होती. परवा ती काढली आणि लावली. अँटेनावरचं प्रक्षेपण आमच्याकडं कायमचं बंद झालं, त्या दिवसाची निघाली. एक जुना सिनेमा चाललाय. नायिका दारात उभी राहून कुणाची तरी वाट बघतेय. ती काहीतरी बोलायला तोंड उघडते, आणि चित्र जातं. पडदाभर मुंग्या. बाईंना कळलंच असणार, आता काही येणार नाही. हातात रिमोट होता. तरी त्यांनी बंद केलं नाही. कॅसेट संपेपर्यंत, पाऊण तास, त्या मुंग्या रेकॉर्ड होत राहिल्या.

मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसून त्या सगळ्या बघितल्या. एकही सेकंद कापला नाही.