यासुए-सानकडे आलेली ओकिवा

त्सुयामा गावातल्या जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात यासुए-सान आणि मी सरकत्या पट्ट्याशी शेजारी उभ्या राहतो. त्या भातावर खारवलेलं उमेचं फळ ठेवतात, मी माशाचा तुकडा. त्यांना तीस वर्षं झाली, मला अकरा. पायांच्या शिरा दोघींच्याही फुगलेल्या.

लहानपणापासून त्यांची आवडती एकच चित्रकथा, मीही वाचलेली. तिच्यातली ओकिवा ही घाटातल्या धर्मशाळेची तोंडाळ मालकीण. दमलेल्या वाटसरूला ती दटावून बसवते, उठायला गेला तर त्याची पादत्राणं लपवते. यासुए-सानना आयुष्यात असं कुणी बसवलं नाही. आधी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं केलं, मग नवऱ्याचं. कथेतली माणसं यंत्राच्या देहात मिळायला लागली, तेव्हा त्यांनी लगेच नाव नोंदवलं आणि चार वर्षं वाट पाहिली.

यंदा थंडीत ओकिवा आली. तोच अंबाडा, त्याच चढलेल्या भुवया. पण दारातच गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून तिनं तसदीबद्दल माफी मागितली. तक्रारी नकोत म्हणून कंपनीनं तिचा तोंडाळपणाच काढून घेतला होता. आता आपल्याहून वडील बाई दारात वाकलेली असताना यासुए-सान बसणार कशा? त्यांनी तिला आसन दिलं, चहा केला, न्हाणीत पहिला मानही तिचाच. आठवडाभर कारखान्यातून येऊन त्या यंत्राचा पाहुणचार करत होत्या.

मी वैतागून म्हटलं, "अहो, ती चहा पिते तरी का?"

"नाही पीत गं. पण आलेल्या बाईला तसंच कसं ठेवायचं?"

शेवटी कंपनीनं एक कागद पाठवला. बोलण्यानं मन दुखावलं तर आमची जबाबदारी नाही, असं त्यात लिहिलं होतं; त्यावर सहीचा शिक्का मारून दिला की मूळ स्वभाव मिळणार होता. यासुए-साननी शिक्का मारला आणि रविवारी मला सोबतीला बोलावलं. मी आसनावर बसले होते, त्या चहाचं तबक घेऊन उभ्या होत्या.

ओकिवानं मान वर केली. डोळ्यांत खरंच जरब आली. आधी तिनं माझ्याकडे पाहिलं.

"दमलेल्या दिसता. पाय लांब करा. आता उठायचं नाही."

मग तिची नजर यासुए-सानच्या एप्रनवर गेली, तबकावर गेली.

"आणि तू गं, उभी काय राहिलीस? पाहुणीला चहा दे आणि न्हाणीत पाणी सोड."

कथेतली ओकिवा बसवते ती पाहुण्यांना. मोलकरणींना ती कधीच बसू देत नाही. आम्ही दोघी ते साफ विसरलो होतो. मला इतका राग आला की रडूच फुटलं. "बंद करा ते," मी म्हटलं.

"नको गं. तिची काय चूक?" यासुए-साननी माझ्यापुढे चहा ठेवला. "आठ दिवसांत मी तिच्यासमोर एकदा तरी बसले का?"

आणि त्या पाणी सोडायला गेल्या.