एकशे ब्याण्णव पानांनंतर

निवृत्त झाल्यावर वेळ जात नाही म्हणून मी सात रस्त्याजवळच्या एका वाचक मंडळात गेलो. तिथे फक्त रहस्यकादंबऱ्या वाचत आणि महिन्यातल्या एका रविवारी सकाळी त्यांवर चर्चा करत. त्या दिवशी नळाला पाणी येणार असेल तर चर्चा पुढच्या रविवारी. साहित्याचं आमच्याकडे एवढंच महत्त्व होतं.

अध्यक्ष मराठीचे निवृत्त प्राध्यापक होते. रहस्यकथा हा दुय्यम प्रकार आहे, असं ते दर बैठकीत सांगायचे आणि अध्यक्षपद मात्र सोडायचे नाहीत. ज्यांच्या दिवाणखान्यात आम्ही बसायचो त्या वकिलांनी जन्मभर जमिनीच्या वाटण्यांचे दावे चालवले होते, पण बोलायचे असे, की जिल्ह्यातला प्रत्येक खून त्यांना विचारूनच झाला असावा. तिसऱ्या एक माजी मुख्याध्यापिका. त्या पुस्तकातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करायच्या. बाविसाव्या पानानंतर पेन्सिलीची खूण सहसा सापडत नसे. त्यानंतर लेखकाचं व्याकरण सुधारत असावं.

आणि चौथा मी. माझ्याबद्दल पुढे येईलच.

पावसाळ्यानंतर पाचवी सभासद आली. मंगळवेढ्याकडची, एका खासगी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. आम्ही तिला सिस्टर म्हणायचो. वाचनाची आवड कशी लागली, असं अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की ड्युटीवर जाग राहावी म्हणून वाचायची, मग सवयच लागली. वकील हसले. तिचं 'हाय-न्हाय' ऐकून मुख्याध्यापिका प्रत्येक वेळी डोळे मिटायच्या.

त्या महिन्यात मंडळाने नुकतीच बाजारात आलेली एक कादंबरी घेतली. प्रत एकच. आधी अध्यक्ष, मग वकील, मग मुख्याध्यापिका, मग मी आणि शेवटी सिस्टर, अशी ती फिरणार होती. अध्यक्षांनी आठवड्याच्या आत मंडळाच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर लिहिलं, 'शेवट कलात्मक, पण अपेक्षित.' वकिलांनी लिहिलं, 'खुनी मी निम्म्यातच ओळखला होता.' मुख्याध्यापिकांना शेवटच्या प्रकरणातली भाषा सदोष वाटली. माझ्याकडे पुस्तक आलं तेव्हा मी ऐंशी पानांपर्यंत गेलो आणि तिथेच रोज झोप लागायला लागली. पण गप्प बसणं बरं दिसेना. मी लिहिलं, 'शेवटाने सुन्न झालो.' त्यावर तिघांनी पसंतीचे अंगठे टाकले.

बैठकीच्या दिवशी अध्यक्ष रहस्यकथेतल्या उलगड्यावर चांगली वीस मिनिटं बोलले. वकिलांनी चिवड्याची प्लेट पुढे केली. मग सिस्टरने पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

"सर, ह्ये पुस्तक पुरं न्हाय की," ती म्हणाली. "शेवट तुमच्याकडनं ऐकावा म्हणून आले."

वकिलांनी पुस्तक उचललं. एकशे ब्याण्णव पानांनंतर पुन्हा पहिलं प्रकरण सुरू होत होतं. त्यांनी चष्मा वर केला आणि तिची उलटतपासणी सुरू केली. घरात लहान मुलं आहेत का, पुस्तक कुणाला दिलं होतं का, पानं कधी निसटली. आमच्यापर्यंत पुस्तक व्यवस्थित होतं, असं त्यांनी तिला दोनदा सांगितलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या की वस्तू सांभाळण्याचं वळण लहानपणीच लागावं लागतं. मीही मान हलवली. ते अजून आठवतं.

सिस्टर चिडली नाही. तिने पुस्तक उलटं धरून शिवण दाखवली. दोरा सलग होता, एकही पान फाटलेलं नव्हतं. बांधणी करणाऱ्याने सुरुवातीची सोळा पानं शेवटी पुन्हा शिवली होती आणि शेवटची सोळा घालायची राहिली होती. दुकानातूनच ते तसं आलं होतं.

मग तिने विचारलं, "तुमी चौघांनी वाचला, तो शेवट कुटला?"

अध्यक्ष म्हणाले की त्यांनी ग्रंथालयातली दुसरी प्रत पाहिली होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, त्यांनी ती कादंबरी फार पूर्वी वाचली होती. पुस्तक छापूनच तीन महिने झाले होते. वकील, ज्यांनी खुनी निम्म्यातच ओळखला होता, ते चहा झाला का बघायला आत गेले. मी चिवड्यातले शेंगदाणे निवडत राहिलो.

कुणीतरी तिची माफी मागायला हवी होती. मी मागितली नाही. चहा पिऊन ती उठली, पुस्तक दुकानातून बदलून आणते म्हणाली आणि गेली. तिने ते बदलून आणलंही. वकिलांच्या घरी नवीन प्रत ठेवून गेली, बैठकीला मात्र पुन्हा आली नाही.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी जाहीर केलं की रहस्यकथा हा प्रकार आता संपलेला आहे आणि मंडळ यापुढे प्रवासवर्णनं वाचेल. ठराव एकमताने मंजूर झाला. सिस्टरबद्दल वकील एवढंच म्हणाले, की तिला साहित्यापेक्षा तपशिलात जास्त रस होता.

ती नवीन प्रत मी घरी नेली. या वेळी शेवटपर्यंत वाचली, दोन दुपारी लागल्या. पुस्तक चांगलं होतं. ते सांगावं असं मंडळात मला कोणी दिसेना, म्हणून मी सिस्टरला फोन केला.

"शेवट वाचला," मी म्हणालो.

"आत्ता व्हय?" ती म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून तिने फोन ठेवला.