कोंब फुटलेले कांदे

माझी बायको चित्रकार आहे, हे मी कंपनीत सहसा सांगत नाही. चाकणला गाड्यांचे पार्ट तपासणाऱ्या क्वालिटी विभागात मी आहे. तिथे एकदा सांगितलं, तर एकाने विचारलं, "गाड्यांचे नंबर पण रंगवतात का वहिनी?"

गेल्या वर्षी चिंचवडच्या एका छोट्या कलादालनात तिचं प्रदर्शन लागलं. भिंती कोऱ्या. पांढऱ्या फरशीवर दोन पोती कांदे ओळीने मांडलेले आणि सदोष पार्टला आम्ही लावतो तसा लाल 'रिजेक्ट' टॅग प्रत्येकाच्या मानेला बांधलेला. पंधरा दिवसांत कोंब फुटतील आणि टॅग वर उचलले जातील, अशी तिची कल्पना. मला ती फार आवडली होती. वास सुटेपर्यंत.

चौथ्या दिवशी कुणीतरी व्हिडिओ फिरवला: 'शेतकऱ्याच्या मालाला रिजेक्ट म्हणतात!' पाचव्या दिवशी बायकोचा फोन आला, "लवकर ये, लोक आलेत." गावाकडे कांदा पिकवणारी माझी आई निघोज्याहून आमच्याकडे राहायला आली होती. ती म्हणाली, "मी बी येते."

दालनात दहा-बारा जण घोषणा देत होते. पुढे कडक इस्त्रीच्या शर्टातले एक भाऊ.

"हा शेतकऱ्याचा अपमान आहे. कांदे उचला, नाहीतर दालन बंद करू!"

"अहो भाऊ, हे तुमच्याच बाजूने आहे," बायको काकुळतीला येऊन म्हणाली.

"आमच्या बाजूने असतं तर आम्हाला कळलं नसतं का?"

तेवढ्यात आई खाली बसली आणि एक कांदा दाबून बघू लागली.

"ह्यो माल कुनी निवडला?"

"मी, आई," बायको हळूच म्हणाली.

"मानेत पिचतोय. आन् असं खेटून ठेवल्यावर वारा कुठनं लागंल?" मग ती भाऊंकडे वळली. "तुमी शेतकरी ना? मग उभं काय ऱ्हायलाय? सडका बाजूला काढा."

भाऊ चाचरले. "मावशी, आमचं आता प्लॉटिंगचं काम असतं."

मागची पोरं फिसकन हसली. त्यांच्यातला एक खरा कांदेवाला निघाला, तो आईशेजारी उकिडवा बसला. त्याचं पाहून बाकीचेही बसले. अर्ध्या तासात दोन ढीग झाले, घोषणा विरल्या आणि भाऊंनी ढिगाशेजारी फोटो काढून घेतला.

मी खूश होऊन बायकोकडे पाहिलं. ती सडक्या ढिगाकडे बघत होती. ज्यांना नुकते कोंब फुटले होते, ते सगळे कांदे आईने त्यात टाकले होते.

घरी येताना तिने त्या ढिगातला एक कोंब फुटलेला कांदा उचलून आणला.

"माजं काय चुकलं का?" आईने विचारलं.

"नाही हो, आई. तुम्ही प्रदर्शन वाचवलंत. फक्त त्यातलं प्रदर्शन तेवढं काढून टाकलंत."

कोंबांचं सगळं नीट समजावून घेतल्यावर आई चिडलीच. "मग आदी सांगायचं न्हाई व्हय? कोंब आनायचा तर त्याची रीत येगळी असती!"

दुसऱ्या सकाळी दोघी मिळून दालनात गेल्या. आईने कांदे नव्याने मांडले, खाली ओलं गोणपाट घातलं, रोज पाणी शिंपडलं. शेवटच्या दिवशी सात-आठ टॅग खरोखर वर उचलले गेले होते. एका बाईंनी पिठल्यासाठी थोडी पात मागितली.

"हात नका लावू," आई म्हणाली. "चित्र हाय ते."