मोडक्या भाकरीचे तुकडे

डॉक्टर माझ्या पायाशी स्टुलावर बसले होते. म्हणाले, “सुई टोचतोय. लागलं की सांगा.”

मी म्हणाले, “टोचा की.”

“सात ठिकाणी टोचून झालं,” ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. तळव्यावर दोन ठिकाणी रक्ताचा ठिपका आला होता. याला डायबेटिक न्यूरोपथी म्हणतात. साखरेमुळे पायाच्या नसा मरतात आणि पायाला काय होतंय ते डोक्याला कळतच नाही. मला शुगर आहे हेही मला त्याच दिवशी कळलं. एचबीए१सी म्हणजे मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी. ती सहाच्या आत हवी, माझी अकराच्या वर होती.

मी सोलापूरच्या भवानी पेठेत कडक भाकऱ्या करून विकते. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची, मग तव्यावरच फडक्याने दाबून दाबून पापडासारखी कडक करायची. बावीस वर्षं चुलीपुढे गेली. एका सकाळी निखारा पायावर पडला आणि मला पत्ताच नाही. जळल्याचा वास आला, म्हणून मी तव्याकडे बघितलं, भाकरी करपली की काय. वास माझ्या अंगठ्याचा होता.

त्यावर हळद दाबून मी आठ दिवस घरी बसले. तुमच्यावर अशी वेळ आली तर हा शहाणपणा करू नका. नवव्या दिवशी अंगठा काळा पडला, तेव्हा कुठे मी या डॉक्टरांकडे आले. गँगरीन, म्हणजे मांस मेलेलं.

दुसऱ्याच दिवशी ॲम्प्युटेशन झालं, म्हणजे अंगठा कापून काढला. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, पण मी जागी होते. पडद्यापलीकडे हाड कापल्याचा आवाज आला. कुर्र, आणि मग कट्. कडक भाकरी मोडताना येतो तसाच. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “अंगठा गेला. आता पाऊल वाचवायचंय. साखर उतरली तर जखम भरेल. नाही भरली तर घोट्याच्या वरून कापावं लागेल. भात, पोळी, भाकरी, साखर, बटाटा बंद. जे खाल ते वहीत लिहा.”

मी लिहायला लागले. पालक, पनीर, दही, वांगी, कोबी. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवसापासून दात शिवशिवू लागले.

ही भूक नव्हती, पोट भरलेलंच असायचं. दातांना काहीतरी मोडायला हवं होतं. खारट, कडक, कुरकुरीत. काकडी दिली तर ती मचमच लागायची. एकदा काकडीचं ताट मी भिंतीवर मारलं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा शिवप्पा, गरीब गाय माणूस. त्यांनी हौसेने मुळा आणला, तो मी त्यांच्याच पाठीत घातला. शेजारी पापड भाजल्याचा वास आला म्हणून खिडकी अशी आपटली की काच फुटली. दुपारी चार वाजले की मला कुणाचा तरी जीव घ्यावासा वाटायचा. कुणाचाही चालला असता.

आणि तरी जखम भरत नव्हती.

आता माझी चूक सांगते. डॉक्टरांनी चुलीपुढे बसायला मनाई केली होती, म्हणून मालकांनी टेबलावर गॅसची शेगडी मांडली. मी पाय पाटावर ठेवून खुर्चीत बसून भाकऱ्या करू लागले. मोडलेली भाकरी गिऱ्हाईक घेत नाही, तिचे तुकडे डब्यात टाकतात. भाजणारीने येता-जाता त्यातला तुकडा तोंडात टाकायचा, ही आमच्यातली रीतच आहे. माझ्या सासूबाईही तेच करायच्या. भाकरी म्हणजे ताटातली, मऊ, कालवणाबरोबरची. तुकडा जेवणात कुणी धरत नाही. शिवाय आमच्याकडे आजाऱ्याला कडक भाकरी देतात, हलकी म्हणून. वाळली की तिच्यातलं जड ते सगळं उडून जातं, असं लहानपणापासून ऐकलेलं.

म्हणून वहीत मी खरं तेच लिहायचे, भाकरी खाल्ली नाही. आणि तुकड्याला शेंगाचटणी लावून दिवसभर चावत राहायचे. तुकडे संपले की मुद्दाम जोरात दाबायचे, म्हणजे आणखी मोडायच्या.

तिसऱ्या आठवड्यात डिब्राइडमेंट केलं. म्हणजे जखमेतलं मेलेलं मांस कात्रीने कापून, खरवडून काढणं. ते करताना डॉक्टर वही चाळत होते आणि कपाळाला आठ्या घालत होते. “पंधरा दिवस बघू,” म्हणाले. “नाहीतर पाऊल कापायची तारीख ठरवू.”

त्याच दुपारी मालक पीठ घेऊन आत आले आणि दारातच थांबले. मी एक धड भाकरी मांडीवर आपटून मोडत होते. त्यांनी पिठाचं घमेलं खाली ठेवलं आणि डबा उचलला.

“महानंदा, ही बी भाकरीच हाय की.”

“डबा खाली ठिवा.”

“पाय जाईल तुजा.”

माझ्या हातात तापलेलं उलथनं होतं. मी ते त्यांच्या हातावर दाबलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत ओढलं. चर्र झालं. त्यांनी हात मागे घेतला नाही आणि डबाही सोडला नाही. “साकु, साकु,” एवढंच म्हणाले. आमच्या घरात कानडीही बोलतात. साकु म्हणजे पुरे.

मी हिसका मारला. डबा पडला आणि तुकडे फरशीभर झाले. मी वाकून एक उचलला आणि तोंडात घातला. त्यांच्या हाताची कातडी सोलून लोंबत होती आणि मी चावत होते. मला माझी किळस आली, पण तो तुकडा गिळल्यावर.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीत आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. शबाना सिस्टर माझं ड्रेसिंग करायच्या. मालकांचा हात बघून त्यांनी विचारलं, “हे काय झालं, काका?”

“तव्याचा चटका बसला,” मालक म्हणाले. मी माझा पाय पुढे केला.

मग दर एक दिवसाआड आमची दोघांची पट्टी एकाच वेळी सुटायची. सिस्टर त्याच, खोली तीच. पहिल्या आठवड्यात त्यांच्या जखमेतलं पाणी सुकलं. बाराव्या दिवशी तिथे गुलाबी नवी कातडी होती. माझा पाय होता तसाच, लाल-पिवळा, उघडा. मी एकदा त्यांच्या हाताकडे बघायचे, एकदा माझ्या पायाकडे. मी दुसऱ्याला केलेली जखम भरली होती. मी रोज तुकडे खाऊन उघडी ठेवत होते ती भरत नव्हती. मी हमसून हमसून रडले. सिस्टरना वाटलं, दुखतंय.

मी डॉक्टरांपुढे तुकड्यांचा डबा नेऊन ठेवला आणि सगळं सांगितलं. फक्त उलथन्याचं तेवढं सांगितलं नाही.

त्यांनी एक तुकडा हातात घेऊन बघितला. “वाळली म्हणजे फक्त पाणी उडालं, बाई,” म्हणाले. “ज्वारी सगळी आतच आहे.”

त्यांनी तारीख लगेच ठरवली नाही, आणखी एक महिना दिला.

त्या महिन्यात मी काय चावलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल. ताकात भिजवून वाळवलेल्या मिरच्या थोड्या तेलात तळल्या की कुर्र वाजतात, खारटही असतात. वाळवलेली गवार आणि भेंडीची चकती तशीच. जवस भाजून. सुक्या खोबऱ्याचे काप तव्यावर तांबूस करून. भाजलेल्या शेंगा एक मूठ, डब्यातून नाही, मोजून वाटीत. मिठाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला ब्लड प्रेशर नव्हतं म्हणून चाललं. मन भरतं का? नाही भरत. दात तेवढे गप्प बसतात. भाकऱ्या तेव्हापासून मालकच भाजत होते. वेड्यावाकड्या व्हायच्या, पण होत होत्या.

महिन्याने जखमेच्या कडा आत सरकल्या. पूर्ण भरायला आणखी दोन महिने लागले. शेवटची पट्टी काढली तेव्हा मी शबाना सिस्टरना म्हणाले, “सिस्टर, यांचा हात तव्याने भाजला नव्हता. मी भाजला.”

सिस्टर कात्री पुसत होत्या. “मालूम था, मावशी. तव्याचा चटका असा कोपरापर्यंत सरळ जातो व्हय?”

रस्त्यात मी मालकांना विचारलं, खरं का नाही सांगितलं. ते म्हणाले, “सांगितलं असतं तर म्हनले असते, आदी हिचं डोकं बगा. पाय तसाच ऱ्हायला असता की.”

मला त्या माणसाचे आभार मानता येईनात.

दुसऱ्या दिवशी मी बऱ्याच महिन्यांनी शेगडीपुढे बसले, पायात बंद बूट घालून. तवा तापला. पहिलीच भाकरी कडेला मोडली आणि माझा हात आपसूक तुकड्याकडे गेला. मी तो मागे घेतला. उलथनं उचलून मालकांच्या हातात दिलं आणि सांगितलं, “पुन्हा तुकडा तोंडाकडं नेताना दिसले तर मारा मला. तापलेलंच मारा.”

त्यांनी उलथनं घेतलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती त्यांनी त्याच उलथन्याने उलटली.